गुडघ्यावरचे हात

"पिंजाऱ्या, वाऱ्यावर उडतो म्हणून कापसानं सवताला ढग समजू नये. बस खाली, जोड्यांपाशी."

भरल्या जमातीत इनामदार असं बोलले आणि मशिदीचं अंगण हसलं. मीही हसलो. वाक्य झकासच होतं. शिवाय ज्या लोडाला टेकून ते बोलले, त्यातला कापूस मीच पिंजलेला. माझा कापूस त्यांच्या पाठीला, त्यांचे जोडे माझ्या नाकाशी.

स्वराज्य दाराशी आल्याचे दिवस होते. आमचं गाव आष्ट्याजवळ. गाद्या भरायला मी औंध संस्थानातल्या गावांतून फिरायचो. तिथं पंच निवडताना पाहिलं. नाव पुकारलं की ज्याला पटलं तो हात वर करी. रामोशी, कुणबी, मुलाणी. कुणाचाही हात तेवढाच उंच. मी येडाच झालो.

आमच्या मशिदीचा कारभारी नेमायचा होता. इनामदारांनी धाकट्या भावाचं नाव घेतलं. मी उठून म्हणालो, "आवं, जमातीला इचारा की." त्यावर तो कापूस आणि तो ढग.

आता खरी गंमत. आमच्यात विचारत नसत. इनामदार नाव घ्यायचे आणि लगेच तळवे उघडून दुआ सुरू करायचे. अल्लापुढं हात कोण खाली ठेवणार? सगळे उचलायचे. आमीन म्हटलं की नेमणूक पक्की. निवाडा त्यांचा, शिक्का अल्लाचा. जन्मभर मीही असाच हात उचलत आलो होतो.

त्या दिवशी माझे हात गुडघ्यावरच राहिले.

"अल्लापुढं हात उचलत न्हाईस?"

"अल्लापुढं रोज उचलतो. तुमच्या भावापुढं न्हाई."

या खेपेला कुणी हसलं नाही. दुआ तिथंच अडली, नेमणूक लांबली.

नमाजाला इनामदारांच्या खांद्याला माझा खांदा लागतो. तिथं कुणी मागं सर म्हणत नाही. नमाज संपला की मी जोड्यांपाशी.

माझ्या मुलीचा निकाह ठरलेला. इनामदारांचा निरोप आला, पुढच्या जुम्म्याला पिंजाऱ्यानं हात उचलावेत, तरच काझी येईल. गाव सोडावं, तर पुढल्या गावची जमात आधी या जमातीला विचारणार. आणि मेल्यावर माती द्यायला तरी दुसरं कोण?

बायको म्हणाली, "आवं, दोन हातांचं असं काय वजन हाय?"

पिंजणाची तार छेडत बसलो. कापूस फुलला, उत्तर काही फुललं नाही.

मुलगी शेजारी स्वतःच्या लग्नाची गादी शिवत होती. म्हणाली, "निकाहात मला इचारतील न्हवं, कबूल हाय का म्हणून? मी न्हाई म्हटलं तर?"

"तर निकाह होत न्हाई."

"मग जमातीला का न्हाई इचारत?"

आणि पुन्हा टाके घालू लागली.

जुम्म्याला इनामदारांनी भावाचं नाव पुन्हा घेतलं. माझ्याकडं बघत तळवे उघडले. अंगण तळव्यांनी भरलं. होणाऱ्या व्याह्यांचेही हात वर होते, डोळे माझ्यावर. मी गुडघे घट्ट धरले.

काझी आला नाही. गादी तशीच गुंडाळून ठेवली आहे.

लोक म्हणतात, मुसलमानांत लोकांचं राज्य रुजायचं नाही, धर्मच तसा. माझ्या धर्मानं माझ्या पोरीला 'नाही' म्हणायचा हक्क दिलाय. आडवा येतो तो लोडाला टेकलेला माणूस.

त्यानं आधी विचारावं. तोवर हे हात इथंच.