देवाचे शेत, देशमुखांचा खांदा

नंदादीपात करडईचे तेल घालताना त्याचा वास दरवळला, की निजामी अमलातील ती सकाळ मला आठवते. पाथरीजवळच्या आमच्या गावी नृसिंहाच्या दिव्यासाठी इनाम मिळालेले करडईचे एक शेत होते. त्यावर गावच्या देशमुखांनी हक्क सांगितला आणि चौकशीसाठी महसूल खात्याचे गिरदावर आले. "देव काय नांगर धरायलाय व्हय? जमीन आमची हाय!" देशमुख पारावरून गरजले. कायद्याच्या बाबतीत काटेकोर असलेले गिरदावर म्हणाले, "मालक शेतात हजर करा, नाहीतर जमीन देशमुखांची." देवाचा दिवाच विझण्याची वेळ आली, पण पुजारी असलेल्या माझ्या वडिलांनी शांतपणे देवाची पालखी सजविली. पालखीला पहिला खांदा देण्याचा मान देशमुखांचा, आणि ते नसल्यास पाटलांचा. या दोन घराण्यांत विस्तव जात नसे. पाटील लगबगीने पुढे होत म्हणाले, "देशमुख, तुमी बसा निवांत. आज मी देतो खांदा." "खबरदार! सात पिढ्यांचा मान हाय आमचा!" असे म्हणत देशमुखांनी जोडे भिरकावले आणि दांडी खांद्यावर घेतली. काटेरी करडईतून अनवाणी, धापा टाकीत ते शेताच्या मध्यभागी पोचले, तेव्हा गिरदावर अदबीने म्हणाले, "देशमुखसाहेब, मालकाला तर आपणच घेऊन आलात!" शेत देवाचेच राहिले. आजही वात सारून हात जोडताना मी देवाबरोबर त्या खांद्यालाही मनोभावे नमस्कार करतो.