मागखात्यातली हाक

मोठीला आवाज होता, पण तो काढायची तिला आठवण राहायची नाही. दुकानात गेली की नुसते ओठ हलवायची. दुकानदार बिचारा फळीवरून वाकून म्हणायचा, मावशी, जरा ऐकू येईल असं बोला की. मग ती ओशाळायची आणि अशा खणखणीत आवाजात साबण मागायची की मागचं गिऱ्हाईक दचकायचं. यातलं मधलं काही तिला जमायचंच नाही.

ही खोड गिरणीची. कापडगिरणीच्या मागखात्यात ओळीने माग चालायचे, एकेकाचा धोटा आपटायचा, आणि सगळ्यांचा मिळून असा गदारोळ उठायचा की पायाखालची फरशी थरथरायची. तिथे घसा ताणून ओरडलं तरी शेजारचीला ढिम्म कळायचं नाही, असं नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. म्हणून बायका आवाज घरी ठेवून यायच्या आणि ओठांनी बोलायच्या. भांडायच्यासुद्धा ओठांनी. जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा मुकादम, पाठमोरा झाला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि तो बापडा आपला मागांना तेल घालत पुढे जायचा.

मोठी आणि धाकटी जावा-जावा. दोघींचे माग समोरासमोर. सासूच्या कागाळ्यांपासून संध्याकाळच्या भाजीपर्यंत सगळं ओठांवर चालायचं. घरीही तेच. धाकटीची मुलगी चिमणी मध्ये बसलेली असली की जावा तिच्या डोक्यावरून बिनआवाजाची गुपितं बोलायच्या. एकदा चिमणीने जेवता जेवता मध्येच उत्तर दिलं आणि दोघींचे घास हातातच राहिले. पोरगी केव्हाच ओठ वाचायला शिकली होती. त्यानंतर त्या घरात गुपित म्हणून काही उरलं नाही.

पण पुढे एक नवं गुपित जन्माला आलं. धाकटी मागावरच गेली. माग फिरवणारा पट्टा तुटला, डोक्याला लागला, एवढंच घरी सांगण्यात आलं. दिराने दुसरीकडे संसार थाटला आणि चिमणी मोठीच्या पदरात आली. मोठीने तिला जिवापाड वाढवलं. पण पट्टा कसा तुटला, तेव्हा तू कुठे होतीस, असं चिमणीने विचारलं की मोठी ओट्याकडे तोंड करून भांडी घासायला लागायची. पाठ फिरली की बोलणं संपलं, हा त्या घरातला कायदाच होता.

पुढे गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, चिमणी औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. आणि एक दिवस रिकाम्या मागखात्यात ती आवाजवाली आली.

तिला गल्लीने हेच नाव ठेवलं. ती कलाकार होती; पण ना चित्रं, ना पुतळे. ती म्हणे आवाज मांडणार होती. जिथे जिथे माग होता तिथे एक खांब, खांबावर स्पीकर, आणि त्यातून त्या मागावरच्या बाईची आठवण तिच्याच तोंडून. मध्ये मध्ये सगळे स्पीकर मिळून मागांचा जुना गदारोळ घालणार, अगदी तेवढ्याच जोरात. लोक हसले. आयुष्यभर ज्या आवाजाला कंटाळलो तो आता तिकीट काढून ऐकायचा का, म्हणाले. मोठी मात्र हसली नाही. चिमणीला तोंडावर सांगणं तिच्याच्याने होत नव्हतं. खांबाने सांगितलं तर चालणार होतं. ती चिमणीला म्हणाली, तू जे विचारायचीस ना, ते तिथे ऐक.

आवाजवालीने तिला एका खोलीत बसवलं, आठवण जागी व्हावी म्हणून कानांवर मागांचा आवाज लावला, आणि मोकळेपणी बोलता यावं म्हणून स्वतः बाहेर काचेपलीकडे थांबली. मोठी खूप वेळ बोलली. बोलता बोलता रडली. हलकी होऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी आवाजवाली दारात उभी. ध्वनिमुद्रणात काहीच नव्हतं. श्वास होते, ओठ उघडल्या-मिटल्याचे बारीक आवाज होते, शब्द एकही नव्हता. कानात माग चालू झाले आणि मोठीने सवयीने आवाज घरी ठेवला होता. पुन्हा बोलाल का, असं आवाजवालीने फार हळुवारपणे विचारलं. मोठी म्हणाली, दुसऱ्यांदा नाही व्हायचं माझ्याने. जे आहे तेच लावा.

चिमणीला मात्र तिने हे सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

उद्घाटनाला चिमणी कामावरून तशीच आली. मोठीच्या खांबापाशी गेली, स्पीकरला कान लावून उभी राहिली. बराच वेळ. मग तिने मोठीकडे असं पाहिलं की मोठीला धरणी दुभंगावीशी वाटली. तेवढ्यात सगळे स्पीकर एकदम सुरू झाले. तोच गदारोळ. फरशी थरथरली, आणि मोठीचे ओठ आपोआप हलायला लागले.

"पट्टा तुटायला आलेला मला दिसला," ती बिनआवाजाची बोलली. "तुझी आई तुटलेला धागा जोडायला वाकली होती. पाठ माझ्याकडे. मी हाक मारली. नुसत्या ओठांनी मारली गं. पाठमोऱ्या बाईला. आवाज काढायचं सुचलंच नाही मला."

चिमणी तिच्या ओठांवरची नजर न हलवता उभी होती. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"काढला असता तरी पोचला असता का, हे कळलं नाही कधी," मोठी म्हणाली. "रोज रात्री मी ती हाक मारते."

चिमणी चालत समोर गेली, आईच्या मागाच्या जागी जाऊन पाठ करून उभी राहिली, आणि धागा जोडायला वाकावं तशी वाकली. तेच अंतर, तोच आवाज. मोठीला क्षणभर कळेना की समोर कोण आहे. मग तिने जन्मभर अडवून धरलेला आवाज काढला. घसा फाटेस्तोवर ओरडली.

"धाकटे!"

चिमणी वळली नाही. माग चालत राहिले. हळूहळू गदारोळ थांबला, तेव्हा ती सरळ झाली, मोठीजवळ आली आणि तिचे दोन्ही हात हातांत घेतले.

"काही ऐकू नाही आलं, मोठीआई. आईलाही नसतंच आलं."

मोठीने मान हलवली. पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीसुद्धा. पण मागाआडून माणसं वाचण्यात तिची हयात गेली होती. हाक सुटली त्या क्षणी चिमणीची मान आखडली होती, खांदे वर गेले होते, आणि मग तिने ते सावकाश, जपून खाली आणले होते. ते मोठीने पाहिलं होतं.

दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही. मोठी आता घरात आवाज काढून बोलते. चिमणी आतल्या खोलीत असो, पाठमोरी असो, नळ धो धो वाहत असो, पहिल्या हाकेला ओ देते. आणि ती ओ ऐकली की दर वेळी मोठीच्या काळजात चर्र होतं.