कंडक्टर बाईंचा हात

स्टँडवर एका दारुड्याने आमच्या कंडक्टर बाईंचं मनगट पकडलं. मी असतो तर हात हिसडत बसलो असतो. बाई उलट त्याच्याच अंगाला भिडल्या, पायात पाय घातला आणि तो पाठीवर आडवा झाला. ठोसा नाही, शिवी नाही.

“तालमीत होते मी,” माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या. “कुणी धरलं की मागं ओढायचं नाही. जवळ गेलं की त्याचा जोर निम्मा होतो.”

आम्हाला शाळेत कवायत शिकवली, हवेत हात फिरवायची.

मग बाईंनी सवयीने हात पुढे केला. पाडलेल्याला उठवायची कुस्तीत रीतच असते. मघाशी न विचारता पकडलेला तोच हात, पण आता धरायची त्याची हिंमत होईना.