नऊ महिन्यांचा साक्षीदार

आपण गाडीत राहतो हे गावाला कळू नये म्हणून लेम्पी कार्वोनेनने जेवढं डोकं चालवलं, तेवढ्यात दुसरं कुणी गावाची निवडणूक जिंकलं असतं. खोटं नाही सांगत. आम्ही रोज तिच्याशी बोलत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

वय त्रेसष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढलेली, अर्ध्या गावाला तिच्या हातच्या पेस्टी, म्हणजे खिम्याच्या मोठ्या करंज्या, खाऊन मिशा फुटलेल्या. नवरा ऑस्कर गेला, पाठोपाठ घरमालक गेला. मालकाच्या मुलांनी घर शिकागोच्या लोकांना विकलं, ते उन्हाळ्यात दोन आठवडे येतात. दुसरं घर मिळेपर्यंत म्हणून लेम्पीने सामान निळ्या ब्यूक गाडीत भरलं. आठवड्याभराची गोष्ट, असं म्हणत म्हणत वर्ष गेलं.

गाडी कधी चर्चमागे, कधी बोटींच्या धक्क्यावर, कधी ग्रंथालयापाशी. पहाटे पोहण्याच्या तलावावर जाऊन अंघोळ करायची, तिथल्याच आरशात केसांना रोलर लावायचे. ब्लाउजला इस्त्री लाँड्रीत. कुणी विचारलंच तर, "बहिणीकडे असते, तळ्यापलीकडे." बहीण होती खरी, पण फ्लोरिडात!

सप्टेंबरात खोकला छातीत उतरला आणि बाईसाहेबांची ऐट जरा ढिली पडली. ग्रंथालयाच्या बाथरूममध्ये एक कागद चिकटवलेला होता. घर नसेल तर या नंबरवर फोन करा, सहा जिल्ह्यांना मिळून हा एकच नंबर. पूर्वी काय व्हायचं, चर्चवाले म्हणायचे जिल्हा कचेरीत जा, कचेरीवाले म्हणायचे आमच्याकडे नाही, शेजारच्या जिल्ह्यात विचारा. माणूस पेट्रोल जाळून जाळून थकायचा आणि पुन्हा गाडीतच झोपायचा. आता फोन एक, फॉर्म एक, यादी एक. दर बुधवारी सगळ्या संस्थांची माणसं बसतात, यादीतलं एकेक नाव वाचतात आणि रिकामी झालेली खोली कुणाला जास्त गरजेची आहे ते ठरवतात.

लेम्पीने फोन केला, आणि तिचा फॉर्म भरायला संस्थेची रेनी बोशां आली. चाळिशीची, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत दोघी बसल्या.

"तब्येत कशी आहे?"

"तशी बरी आहे."

"झोप लागते?"

"कुणाला लागते या वयात?"

"थंडीचा त्रास होतो?"

"कोट चांगला आहे माझा."

रेनीने पेन खाली ठेवलं. "मिसेस कार्वोनेन, ही नोकरीची मुलाखत नाही. इथे शहाण्यासारखी उत्तरं दिलीत तर तुमचं नाव खाली जाणार. आहे ते सांगा."

मग लेम्पीने सांगितलं. छाती, गुडघे, जानेवारीत बधिर झालेली बोटं, सगळं. शेवटी म्हणाली, "हे बाहेर गेलं तर मी मेले."

"बाहेर नाही गेलं तरच मराल," रेनी म्हणाली.

ऑक्टोबरात रेनीचा फोन आला. तळमजल्यावरची एक खोली रिकामी झाली होती, आठवड्यातून दोनदा नर्स येणार, घरभाडं पेन्शनला झेपेल एवढं. यादीत लेम्पीचं नाव वर होतं. पण ही खोली वर्षभर घराबाहेर राहिलेल्या आजारी माणसासाठी होती, आणि ते वर्ष सिद्ध करायला हवं होतं. तीन महिन्यांना तिचा स्वतःचा शब्द चालेल. उरलेल्या नऊ महिन्यांना दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यायचं, की मी हिला बघितलं. मुदत पुढच्या बुधवारची. नाहीतर खोली पुढच्या नावाला.

आता घ्या! वर्षभर कुणाला दिसू नये म्हणून धडपडलेली बाई बघणारा शोधायला निघाली.

आधी पाद्री हाल्मे. त्यांच्यासमोर खरं बोलताना लेम्पीची कानशिलं तापली. पाद्र्यांनी डोळे पुसले, कॉफी पुढे केली आणि म्हणाले, "लेम्पी, तुम्ही मला बहिणीकडे राहता म्हणालात. मी विश्वास ठेवला. जे बघितलं नाही ते कसं लिहू?" ग्रंथपाल बाईंचंही तेच. "मला वाटलं तुम्हाला वाचनाचं वेड लागलंय!" आमची माणसं प्रामाणिक, काय करणार? इतका राग आला मला स्वतःचा, की रोज समोरून जाणारी बाई मीही कधी नीट बघितली नाही.

सोमवारी रेनीने विचारलं, "गाडी कुठे कुठे लावायचात, तेवढं सांगा." लेम्पीने सात जागा सांगितल्या. रेनी टाळी वाजवून म्हणाली, "या सगळ्या जागांचा बर्फ गावच्या पालिकेच्या गॅरेजमधले लोक काढतात. चला."

"मी नाही येणार. तिथली सगळी पोरं माझ्या हातचं खाल्लेली आहेत."

"म्हणूनच चला."

गॅरेजमध्ये वेस ट्रेव्हार्थन ट्रकखाली आडवा होता. बर्फ काढायचा ट्रक तोच चालवतो. लेम्पीला बघून घाईने उठला, हात पँटला पुसले. रेनीने काम सांगितलं. वेस आत गेला आणि एक जाडजूड वही घेऊन आला. कुठला बर्फ काढला, काय आडवं आलं, ते त्यांना रोज लिहावं लागतं.

रेनीने मोठ्याने वाचलं. "चौदा नोव्हेंबर. चर्चमागे. निळी ब्यूक, आत माणूस. वळसा घालून काढला." पान उलटलं. "वीस नोव्हेंबर. बोटींचा धक्का. निळी ब्यूक, आत माणूस. गाडीपासून रस्त्यापर्यंत वाट काढून दिली." डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, सगळीकडे निळी ब्यूक. मेपासून गवत कापायची पानं. "निळी ब्यूक. मशीनचा आवाज होईल, नऊनंतर येणे."

लेम्पी लालबुंद झाली. "म्हणजे तुला माहीत होतं!"

"हो, मिस लेम्पी."

"आणि या बाकीच्यांना?"

"सगळ्यांना. ज्याची पाळी असेल त्याने आधी तुमची काच बघायची. आतून वाफ धरलेली असली म्हणजे तुमचा श्वास चालू आहे. नसली तर काच फोडायची, असं ठरलं होतं."

"मग तोंडाला कुलूप का लावलंत रे? एक शब्द नाही बोललात!"

वेस टोपी हातात फिरवत राहिला. "बोललो असतो तर तुम्ही दुसरीकडे जाऊन झोपला असता. तिथला बर्फ आम्ही काढत नाही."

लेम्पी तिथेच टायरवर बसली आणि गॅरेजभर पोरांसमोर हमसून हमसून रडली. मग नाक पुसून तिने वही ओढून घेतली. "ब्यूकचं स्पेलिंग वर्षभर चुकवलंयस. शाळेत काय नुसतं जेवायलाच यायचास?"

"हो ना," वेस म्हणाला, आणि सगळं गॅरेज हसलं.

वेसने त्याच दिवशी दोन पानं लिहून दिली, वहीच्या नकला जोडल्या. बुधवारी लेम्पीचं नाव निघालं आणि अर्ध्या मिनिटात खोली तिची झाली. पंधरा दिवसांनी किल्ली हातात आली. पहिल्या दिवशी ती अकरा तास झोपली, असं नर्स सांगते.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी लेम्पी उभी राहिली. म्हणाली, "मी वर्षभर गाडीत राहत होते. बहिणीची गोष्ट खोटी होती. आता मला खोली मिळाली आहे, चार नंबर. कॉफीला या." आणि बसली. मग पाद्र्यांनी केक कापायला घेतला आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या.

गर्दी पांगल्यावर डॉरिस ट्रूडेल तिच्याजवळ आली. चर्चमध्ये गाते ती, नेहमी नीटनेटकी, कानात मोती. हळूच म्हणाली, "तो फोन नंबर देशील का? माझ्या एका मैत्रिणीला हवाय."

लेम्पीने तिच्याकडे बघितलं. मैत्रिणीचं नाव विचारलं नाही. कागदी रुमालावर नंबर लिहिला, तिच्या मुठीत दिला आणि मूठ तशीच धरून ठेवली.

"मैत्रिणीला सांग," ती म्हणाली, "आजपासून कुणाला तरी दिसत जा म्हणावं."