चौथी मूठ

धुळ्याच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथे बारावीच्या पालकांची सभा दर वर्षी माझ्याच गळ्यात पडते. एक तर माझा आवाज मोठा, त्यात राग नाकावर, आणि पालकांना तोच उपयोगी पडतो असं आमच्या मुख्याध्यापकांचं मत. सभेत एक प्रश्न हमखास येतो. एखादी आई उठते आणि विचारते, "मॅडम, टीव्ही बंद केला, पाहुणे बंद केले, लग्नाकार्याला जाणं बंद केलं. आता आणखी काय बंद करू?" पूर्वी मला हसू यायचं. आता येत नाही, कारण सगळं बंद केलेलं एक घर मी आतून पाहिलं आहे आणि ते माझं माहेर आहे.

माहेर एरंडोलचं. घरात आबा, म्हणजे माझे वडील, धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची एकुलती एक लेक. ही माझी भाची त्या वर्षी बारावीला होती, वर डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षाही होती. श्रावणात आमच्या खानदेशातली देवी, कानबाई, घरोघरी बसते तेव्हा मी माहेरी जातेच, तशी आदल्या दिवशी शनिवारी सकाळच्या एसटीने गेले. गल्लीत घरोघरी झाडलोट चालली होती, कुठे स्पीकर लागले होते, बायका ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. आमचं दार तेवढं बंद. बेल दाबली तर वाजली नाही, तिची वायर काढून ठेवलेली. कडी वाजवायला हात उचलला तोच दार उघडलं. कुणी तरी आतून कडीवर हात ठेवूनच उभं असावं तसं.

भाऊ होता. "अक्का, चप्पल हातमा ले," तो कुजबुजला. "हळू ये."

मी चपला उचलून विचारलं, "कोन गयं रे?"

"काय बोलस! तिना अभ्यास चालू शे."

बाहेरचा उजेड सोडून आत आल्यावर आधी काही दिसेना. खिडक्या लावलेल्या. टीव्हीवर वहिनीची जुनी साडी चारही बाजूंनी खोचलेली. भिंतीवरचं घड्याळ थांबलेलं, कारण टिकटिक नको म्हणून त्यातले सेल काढले होते. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ उघड्या पातेल्यात शिजत होती. ओट्यावर पडून असायचं ते कुत्रं शेतावर धाडलं होतं. भाऊ पुढे आणि मी मागे असे आम्ही स्वयंपाकघरापर्यंत गेलो, आणि मला फक्त माझीच पावलं ऐकू येत होती. त्या तिघांनी टाच न टेकता चालायची सवय करून घेतली होती.

भाची मागच्या खोलीत होती. कॉलेजात नाव नुसतं घातलेलं, शिकवणी सगळी मोबाईलवर, त्यामुळे तिला घराबाहेरच काय, खोलीबाहेर पडायचंही काम उरलं नव्हतं. वहिनीने जेवणाचं ताट झाकून त्या दाराशी जमिनीवर ठेवलं, नखाने दारावर एकदा टकटक केलं आणि मागे न बघता परत आली. थोड्या वेळाने पाहिलं तर ताट रिकामं. दार कधी उघडलं, कधी लागलं, मला कळलं नाही. पित्तरांच्या दिवसांत आपण छपरावर पान ठेवतो आणि बाजूला होतो, त्याची आठवण झाली. जिवंत पोरीच्या ताटावरून असलं काही मनात यावं म्हणून माझा मलाच राग आला.

मी उठून दार वाजवणार होते. वहिनीने मनगट धरलं. "नको अक्का. तिनी अभ्यासनी लय तुटी जाई."

"मी आत्या आहे तिची. तोंड तरी बघू दे."

"उद्या दिसीच ना. रोट खावाले भायेर येनंच पडी."

"तू तिचं तोंड नीट कधी पाहिलंस?"

वहिनी बोटांवर दिवस मोजू लागली. मग तिने मोबाईल पुढे केला. लेक आतून मेसेज टाकायची. पाणी. आज भात नको. लाइट गेली का. दहा पावलांवरून आलेले ते मेसेज वहिनी मला दाखवत होती, मुलगी परदेशात असावी तशा कौतुकाने.

आबा मागच्या अंगणात खोकायला गेले होते. खोकल्यालाही घरात मनाई होती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आम्ही लहान असताना त्यांनी आम्हाला एक शिकवण पक्की दिली होती. शेतात, ओसाड जागी कुणाची हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी येऊ द्यायची. जिवंत माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं जे काही असतं ते दोनदाच मारतं. आम्ही भावंडं त्यावरून त्यांची टिंगल करायचो, पण शेतात एकटे असलो की तिसऱ्या हाकेची वाट बघायचोच.

आबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुले काही आयकू येस का घरमा?"

"काय?"

"कोनी तरी हाक मारस. दिवसा. बारीक आवाज." त्यांनी दोन बोटं वर केली. "दोनच येतस. तिसरी येस नही. मी ओ देस नही."

भर दुपार होती, ऊन तापलं होतं, तरी मी मागे वळून घराकडे पाहिलं. वय झालंय, भास होत असतील, असं मी त्यांना म्हटलं आणि स्वतःलाही बजावलं.

तिसऱ्या प्रहरी रोटाचे गहू काढायचे होते. कानबाईचा रोट, म्हणजे गव्हाची जाड पोळी, हा भाऊबंदांनीच खायचा प्रसाद, परक्याला तो मिळत नाही. आमच्या घरची रीत अशी की घरातल्या प्रत्येक जिवंत माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे आणि ते दळून ज्याचा त्याचा वेगळा रोट करायचा. लेकीचीही मूठ निघते, तिचं लग्न होईपर्यंत. माझी निघायची बंद झाली त्या वर्षी मी याच घरात जेवायला बसले होते आणि घास गिळता गिळता डोळे भरून आले होते. त्यामुळे मूठ म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको. मूठ दोनच कारणांनी थांबते. एक म्हणजे लग्न.

आबा पाटावर बसले. पुढे सूप, शेजारी कोरं फडकं. दर वर्षी ते मोठ्याने नाव घेतात, त्या वर्षी ओठांतल्या ओठांत घेत होते. त्यांची स्वतःची मूठ पडली. भावाची पडली. वहिनीची पडली. आबांनी पुन्हा गव्हात हात घातला आणि तेवढ्यात मागच्या खोलीकडून काही तरी आवाज आला. खुर्ची सरकल्यासारखा, किंवा घसा साफ केल्यासारखा.

आम्ही चौघंही होतो तिथेच थिजलो. वहिनीचं बोट ओठांवर गेलं. भावाने श्वास रोखून धरला. आबांची मूठ गव्हातच राहिली. आमच्यामुळे तिला त्रास झाला, एवढंच प्रत्येकाच्या डोळ्यांत होतं. मग पुन्हा तो आवाज आला, आधीपेक्षा बारीक. आबांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही वाट पाहिली. पुढे काहीच नाही. वहिनीने घाईघाईने, दाणाही वाजू न देता, फडक्याला गाठ मारली आणि सूप उचललं. आम्ही चोरपावलांनी पुढच्या खोलीत गेलो. भाऊ दळण घेऊन चक्कीवर गेला. कानबाईच्या दळणासाठी ती धुऊन ठेवली होती.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नथ घातलेला, डोळे लावलेला नारळ, फुलं, दिवे, सगळं जिथल्या तिथे. गल्लीत ढोल वाजत होते. आमच्याकडे शेजारच्या बायका आल्या, वहिनीने त्यांना हात जोडून आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी कानबाईची गाणी कुजबुजत म्हटली. कधी ऐकलंय का असं? दहा-बारा बायका, ओठ हलताहेत, टाळ्या अधांतरी थांबताहेत आणि आवाज नाही. चौरंगावरचे डोळे तेवढे सगळ्यांकडे टक लावून. बायकाही फार वेळ थांबल्या नाहीत.

मग पानं मांडली. रोट कानबाईसमोरच खायचा असतो, खोलीत नेऊन चालत नाही. माझं पान अलीकडे, भाकरीचं, कारण मी आता दुसऱ्या घरची. मी पाणी वाढायला वळले, परत फिरले तर चौथ्या पाटावर भाची बसलेली. आलेली कळलीच नाही. चेहरा तळघरात ठेवलेल्या कांद्याच्या पातीसारखा पांढुरका, उजेडाने डोळे बारीक केलेले. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा ती दचकली, आणि मग माझ्या हाताला डोकं टेकवून तशीच बसून राहिली.

वहिनीने रोट वाढले. आबांना, भावाला, एक आपल्या पानात. मग ती टोपलीत हात घालून चाचपडू लागली. खालचं फडकं उचलून पाहिलं. "एक कोठे गया?" ती म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन आली, पुन्हा टोपली पाहिली. मी तिच्याकडे पाहत होते आणि मनात शनिवारच्या मुठी मोजत होते. तीनच केले होते तिने. पीठच तेवढं होतं.

"नाही तिथे," भाची म्हणाली. तिचा आवाज लगेच निघाला नाही, दोनदा ओठ हलले तेव्हा निघाला. "माझी मूठ घेतलीच नव्हती तुम्ही."

वहिनीने टोपली खाली ठेवली.

"मी ऐकत होते दारामागून. आबांनी त्यांची घेतली, पप्पांची घेतली, मम्मीची घेतली. आता माझी, म्हणून मी हाक मारली, थांबा, मी येते. तर तुम्ही सगळे एकदम गप्प झालात. परत मारली. मग दार उघडून पाहिलं तर कुणीच नव्हतं."

आबांनी पुढचं पान बाजूला सारलं. "तू हाक मारी व्हती?"

"रोजच मारते, आबा. पहिल्यासारखी मोठ्याने येत नाही पण मारते. मारली की घर गप्प होतं."

"मंग तिसऱ्यांदा का नही मारस?"

तिने खाली पाहिलं. "भीती वाटते. तिसऱ्यांदाही कुणी ओ दिली नाही तर?"

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मेलेल्याच्या घरात माणसं मोठ्याने रडतात तरी, त्यापेक्षा वाईट करून ठेवलंत हे घर, असं काही तरी बोलले, आणि बोलता बोलता लक्षात आलं की शनिवारी त्या गव्हाभोवती मीही श्वास रोखून उभी होते. भाऊ भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. वहिनी रडली नाही. ती पोरीकडे नुसती बघत होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मन्ही आंडेरनी मूठ मी नही लिधी." आंडेर म्हणजे लेक. ज्या लेकीसाठी तिने घड्याळ थांबवलं, कुकर बंद केला, कुत्रं धाडलं, तिचीच मूठ राहिली होती.

आबा उठले. "गहू आन," ते वहिनीला म्हणाले. "जातं काढ."

चक्की बंद झाली होती, आणि जातं अंगणातल्या पडवीत पोत्यांखाली होतं. भावाने डोळे पुसले आणि सवयीने पुटपुटला, "आबा, आवाज व्हई."

"व्हऊ दे!"

एवढ्या मोठ्याने आबा बोलल्याचं कित्येक महिन्यांत त्या भिंतींनी ऐकलं नसेल. पोरीने आपल्या हाताने आपली सव्वा मूठ काढली. आबांनी तिचं नाव घेतलं, गल्लीत ऐकू जाईल असं. मग वहिनी आणि ती खुंटा धरून समोरासमोर बसल्या, आणि ते जुनं दगडी जातं घरघरायला लागलं. भांडी थरथरली. पीठ सांडलं. खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक होते आणि वहिनी हमसून हमसून रडत दळत होती. रोट जाडाभरडा झाला, दाताखाली कचकच लागली असेल. भाचीने तो कानबाईसमोर बसून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला आणि आम्ही सगळे तिला खाताना पाहत बसलो.

त्या दिवसापासून खोलीचं दार उघडं राहिलं. घड्याळ चालू झालं, कुकर वाजायला लागला, आबा घरातच खोकायला लागले. अभ्यास ती करतच होती, कधी कधी ओट्यावर बसून, बायकांच्या गप्पा ऐकत. परीक्षेत किती पडले ते मी इथे सांगणार नाही. सभेतही सांगत नाही, कारण सांगितलं की पालक तेवढंच घरी नेतात. मी त्यांना एवढंच सांगते की घरात आवाज राहू द्या, आणि आतून काही आवाज आला की गप्प होऊ नका, ओ द्या.

भाची आता जळगावला होस्टेलवर असते. मागच्या महिन्यात मी एरंडोलला गेले होते. वहिनी आणि मी भाजी निवडत बसलो होतो, मागची खोली उघडीच होती, आत फक्त पलंग आणि घडी केलेली चादर. बोलता बोलता वहिनीने मान वळवली आणि मोठ्याने म्हणाली, "ओ!"

मी काही ऐकलं नव्हतं. कुणी हाक मारली नव्हती. वहिनीलाही ते ठाऊक असावं, कारण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पुन्हा भाजी निवडू लागली आणि अंगणातून आबांनीही ओ दिली.