टाकीत कोणीतरी आहे

"तुमच्या टाकीत कोणीतरी आहे."

ही तक्रार सोसायटीच्या वॉचमनकडे गेली असती तर गोष्ट वेगळी होती. ती आली आमच्या कंपनीच्या मेलवर, साता समुद्रापलीकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडून, आणि तीही नवी वेबसाइट उघडायला आठवडा उरलेला असताना. वहिनींनी ती मला पुढे पाठवली आणि वर एवढंच लिहिलं, "हे काय आहे, भाऊजी?"

कंपनी म्हणजे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा, गाळ्यात मी, आणि मुलुंडहून फोनवर वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. कंपनी आम्ही दोघा मित्रांनी काढली. तो गेला. त्यानंतर वहिनींनी विमा ऑफिसातली नोकरी सांभाळून गिऱ्हाइकांची पत्रं आणि वेबसाइटचा मजकूर अंगावर घेतला. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. सांगायचं धाडसच झालं नसतं.

आम्ही प्लगइन करतो. कोणी विचारलं की मी स्वयंपाकघरातल्या मिक्सरचं उदाहरण देतो: मोटर ज्याची त्याच्याकडे असते, आम्ही फक्त भांडं विकतो. गाण्यांचा आणि सिनेमांचा आवाज कॉम्प्युटरवर जुळवणारे लोक आमचं भांडं आपल्या सॉफ्टवेअरवर चढवतात, आणि कोंदट खोलीत गायलेलं गाणं एखाद्या मोठ्या जागेत गायल्यासारखं घुमतं. जागा मात्र खऱ्या असतात. शाळेचा हॉल, एका जुन्या इमारतीचा जिना, मित्राच्या सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी. त्या जागेत एकदा 'फट्ट' असा आवाज करायचा आणि तो पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड करायचा. मग त्या विरण्याचा शिक्का कुठल्याही आवाजावर मारता येतो. एवढीच विद्या.

हे 'फट्ट' करायला लोक म्हणे भारी भारी यंत्रं वापरतात. आमच्याकडे दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल होतं. मित्राने ते एका स्टँडला बांधलं होतं आणि त्याच्या चापाला सुतळी. जागेच्या मध्यावर चार माइक, दोन समोर आणि दोन मागे, आणि त्या सगळ्यांच्या मागे सुतळीचं टोक धरून हा उभा. सुतळी ओढली की श्वास रोखायचा आणि बोटांवर वीस मोजायचे. वीस होईपर्यंत हलायचं नाही, खोकायचं नाही. हा त्याचा नियम, आणि तो सोवळं पाळावं तसा पाळायचा.

शेवटी अजून एक गोष्ट असायची. काम झालं की आम्ही दोघं जागेच्या मधोमध उभे राहायचो आणि तो हाताने एक टाळी वाजवायचा. ती कशासाठीच नसायची, फक्त आम्ही ऐकायची. कुणाच्या घरून निघताना आपण 'येतो' म्हणतो ना, तसं जागेला सांगून निघायचं, असं तो म्हणायचा. मी त्याची टिंगल करायचो, पण टाळीला थांबायचो.

मागच्या दोन माइकांवरून मात्र आमचं कायम वाजायचं. तेव्हा आम्ही विकायचो ते साधं, दोन कानांचं, म्हणजे समोरच्या दोन माइकांचं.

"मागचं कोण ऐकतंय रे?" मी म्हणायचो.

"ऐकतील. एक दिवस सगळे चारी बाजूंनी ऐकतील बघ."

"तोपर्यंत हे स्टँड तू वाहा, यार."

तो वाहायचा. मागच्या माइकांच्या फाइली मी हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये कोंबल्या आणि त्याला नाव दिलं 'अडगळ'.

आता तो दिवस आला. गिऱ्हाइकं विचारायला लागली, तुमचं भांडं सराउंडला चालतं का? समोरून, बाजूने, मागून, सगळीकडून ऐकू येणारं हवं. आमची वेबसाइटही म्हातारी झाली होती. तेव्हा नवी वेबसाइट आणि सराउंड एकदमच आणायचं ठरलं. वहिनींनी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ओळ टाकली: आता मागूनही ऐका. मी 'अडगळ' उघडली.

आणि इथे मी माती खाल्ली. समोरच्या फाइली मी पूर्वी एकेक करून, कान देऊन, हाताने कापल्या होत्या. मागच्या ऐकल्याच नाहीत. वेळ नाही असं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की माझी छाती झाली नाही. त्या प्रत्येक फाइलीत तो श्वास रोखून उभा होता. आवाज न करता का होईना, उभा होता. मी सगळ्यांना एकच माप लावलं, बारा सेकंदांनंतर काट, आणि ते काम कॉम्प्युटरकडे सोपवून चहाला गेलो. मग नवी आवृत्ती काही जुन्या गिऱ्हाइकांना चाचणीसाठी पाठवून दिली.

त्यांच्यातल्या एकाने टाकी निवडली आणि तिच्यात लाकडी टिपरीचा फक्त एक ठोका सोडला. ठोका घुमला, विरला, आणि मग मागून एक माणूस काहीतरी बोलला. शब्द कळला नाही, पण मी खुर्चीवरून उठलो, असं त्याने लिहिलं होतं.

मी चारी स्पीकर लावले, मधल्या खुर्चीत बसलो आणि तसाच एक ठोका दिला. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर टेम्पोत खोके चढत होते. टाकी घुमली. आवाज बारीक होत गेला, संपला. मग उजव्या खांद्याच्या मागे, माझ्या कानाच्या उंचीवर, कोणीतरी दाबून धरलेला श्वास सोडला.

"झालं. ये."

मी वळलो. मागे कॅलेंडर होतं आणि पाण्याचा कॅन.

काय झालं असणार ते लगेच कळलं. टाकी बंद, टिकल्यांचा धूर कोंडलेला. त्या एका जागेत त्याला वीसपर्यंत दम धरवला नाही, दहा-अकराला सुटला. इतकी साधी गोष्ट. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कधी नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी मी खुर्ची भिंतीला टेकवून बसलो.

त्याने काही फरक पडला नाही. वाईट हे होतं की मला या धंद्यातली गोम माहीत आहे. त्या टाकीत नुसता ठोका दिला तर मित्र स्पष्ट ऐकू येतो. तिच्यात गाणं घातलं तर ऐकू येत नाही, पण असतो. गाण्याच्या प्रत्येक सुरामागे, बारा सेकंदांच्या आत, तो श्वास सोडतो आणि 'ये' म्हणतो. हजार सुरांचे हजार 'ये' एकमेकांत मिसळून नुसती धूसर घरघर होते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं टाकी छान आहे. मला ते डोक्यातून काढता येईना. घरी कुकरची शिट्टी झाली की मी थांबायचो. शेजारच्या गाळ्याचं शटर पडलं की थांबायचो. बायको म्हणाली, "काय झालंय तुला? कोण बोलावतंय?" मी तिच्यावर उगाच खेकसलो.

उपाय दोन मिनिटांचा होता, शेवटचं कापून टाकायचं. वहिनींना फोन करून सांगितलं, की एक चूक राहिली होती, काढून टाकतो. त्यांनी एवढंच विचारलं.

"त्याचा आवाज आहे का?"

"हो."

"कापू नका. मी येते आधी."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या मुलुंडहून चारकोपला आल्या. मी त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. ठोका दिला. श्वास आला तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, मला वाटलं होतं पाहतील. नुसते डोळे मिटले.

"फोनमध्ये आहेत माझ्याकडे त्याचे मेसेज," त्या म्हणाल्या. "पण त्यात तो फोनमध्ये असतो. इथे मागे उभा आहे."

पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "कोणाला बोलावत होता?"

"मला."

"मग गेलात?"

मी 'नाही' म्हणालो.

"पुढे काय आहे?"

"पुढे काही नाही, वहिनी."

"मशीन कोणी बंद केलं?"

विमा ऑफिसात वीस वर्षं लोकांचे खोटे दावे तपासलेल्या बाईपुढे माझं काय चालणार? मी न कापलेली मूळ फाइल काढली. तीही मी कधी ऐकली नव्हती. पण तिच्यात काय आहे ते मला पक्कं माहीत होतं.

त्या दिवशी त्याने टाकीत सात वेळा सुतळी ओढली होती, का तर मागच्या माइकांत थेंबाचा आवाज येतोय. मी वर झाकणाशी लॅपटॉप घेऊन उन्हात बसलो होतो, आणि सोसायटीचे सेक्रेटरी पाणी कधी सोडायचं म्हणून माझ्या डोक्यावर उभे. माझं टाळकं सरकलं होतं. फाइलीत 'झालं, ये' नंतर वरून माझा आवाज आला, लांबचा आणि तुसडा.

"तूच ऐक. डोकं उठलंय माझं. मागच्याला कोण विचारतंय!"

मग माझी पावलं. मी लॅपटॉप चालू तसाच सोडून गेटवर चहा प्यायला गेलो होतो. त्यानंतर बराच वेळ काही नाही. कुठेतरी थेंब. मग त्याचा आवाज, अगदी साधा, जराही न चिडलेला.

"येतोस ना?"

पुन्हा थेंब. आणि मग टाळी. एकच. टाकीने ती उचलली, फिरवली, हळूहळू खाली ठेवली. या वेळी त्याने पूर्ण वीस मोजले असावेत, कारण श्वास ऐकू आला नाही.

मी रडलो, वहिनींसमोर. लाज वाटली, तरी थांबवता आलं नाही. टाकीतल्या त्या दिवसानंतर चार महिने तो आणि मी रोज बोलत होतो, पण फक्त कामाचं. टाकीचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. काढू कधीतरी, जातोय कुठे, असं मला वाटायचं. मग एका सकाळी तो दाढी करता करता बाथरूमच्या दारात कोसळला आणि हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.

वहिनींनी पर्समधून रुमाल काढून माझ्यापुढे ठेवला.

"त्या दिवशी घरी आला तेव्हा मी विचारलं होतं, चेहरा का पडलाय," त्या म्हणाल्या. "म्हणाला, काही नाही गं, टाळी राहिली. मला वाटलं कामातलं काहीतरी असेल."

जरा वेळाने त्यांनीच सांगितलं, "कापा ते. ती हाक तुमची आहे, लोकांना कशाला विकायची?"

मी कापलं. मूळ फाइल ठेवली, फोल्डरचं नाव बदललं. वेबसाइट ठरल्या दिवशी उघडली. आता मागूनही ऐका, ही ओळ वहिनींनी तशीच ठेवली. त्या गिऱ्हाइकाने नवी आवृत्ती तपासून लगेच कळवलं: टाकी आता रिकामी आहे, आभार. काम चोख झालं होतं आणि मला ते सहन होत नव्हतं.

पुढे दोनेक महिन्यांनी वहिनींनी फोनवर एक फोटो पाठवला. सोसायटीच्या बोर्डावरची नोटीस: रविवारी टाकी साफ करण्यात येणार आहे, सकाळी पाणी येणार नाही. सोबत एक अक्षर नव्हतं.

रविवारी मी मुलुंडला गेलो. साफ करणारी माणसं काम आटपून वर आली होती. पाणी सोडायला अजून अर्धा तास होता. सेक्रेटरी नवे होते, त्यांना वहिनींनी काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी मला काही विचारलं नाही. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लोखंडी शिडीने खाली उतरलो. वहिनी वर झाकणाशी थांबल्या. मी फक्त थांबते, म्हणाल्या.

आत ओल्या सिमेंटचा आणि ब्लीचिंग पावडरचा वास होता. तो उभा राहायचा ती जागा मला ठाऊक होती, शिडीच्या समोरची मागची भिंत. तिथे जाऊन उभा राहिलो आणि वर पाहिलं.

तिथून आकाश दिसत नाही. झाकणाच्या चौकोनातून उजेडाचा एक तिरका पट्टा येतो आणि काठावर कोणी उभं असेल तर त्याचे फक्त पाय दिसतात. चेहरा नाही. वहिनींच्या चपला दिसत होत्या, पायांची बोटं, साडीचा काठ. म्हणजे त्यालाही माझे पायच दिसले असणार. ते वळताना दिसले असणार, मग नुसता चौकोन.

टाळीसाठी हात उचलले, पण एकट्याने वाजवायचं मन होईना. एकट्याची एक झाली होती तिथे.

"झालं," मी म्हणालो. आवाज माझ्या मागून, पुढून, सगळीकडून परत आला. "वहिनी, या."

पाय हलले नाहीत. दोन सेकंद असतील, तीन. माझा श्वास आपोआप रोखला गेला, आणि त्या तेवढ्या वेळात तो त्या दिवशी किती वेळ उभा होता ते मला कळलं.

मग वहिनींनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं.