झुंबरआत्याने फाडायला लावलेली पावती

आमची झुंबरआत्या कधी शाळेत गेली नाही. मी बी.कॉम. झालो, सातपूरच्या एका कारखान्यात लेखा विभागात नोकरी केली आणि आता निवृत्तीला आलो. पावती हा शब्द माझ्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा येतो. पण ती मागावी कशी, हे मी आत्याकडून शिकलो, तेही भर रस्त्यात. ही हकीकत १९९७ सालची आहे.

आत्या मखमलाबादची. घरचा अडीच बिघे मळा, त्यात मेथी, कोथिंबीर, शेपू आणि बांधाला झेंडू. आळीतल्या नऊ बायका रोज पहाटे आपापल्या पाट्या घेऊन तिथल्याच गोटीरामच्या टेम्पोत बसायच्या आणि गंगेवरच्या, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठच्या, भाजीबाजारात उतरायच्या. प्रत्येकीच्या पाटीवर ओले गोणपाट, आणि ते बांधायला जुन्या लुगड्याची चिंधी. आत्याची चिंधी हिरवी होती. चिंधीवरून पाटी ओळखायची, आणि बोहनी होईपर्यंत पाटीला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, हा त्या बायकांचा नेम. म्हणून पाटी टेम्पोत तर बाई टेम्पोत.

टेम्पो मालाचा होता आणि मालाच्या गाडीत माणसे बसवायची नाहीत, असा कायदा आहे. तो गोटीरामला माहीत होता आणि पुलाअलीकडच्या नाक्यावरच्या हवालदारालाही. त्यावरचा तोडगा सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. टेम्पो निघाला की आत्या पदर पसरायची, जी ती बाई त्यात दोन रुपये टाकायची, उरलेले गोटीराम घालायचा. नाक्यावर टेम्पो हळू व्हायचा, गोटीरामचा हात खिडकीबाहेर जायचा आणि वीसची नोट या हातातून त्या हातात. कधी सोबत मेथीची जुडीही. टेम्पो पुरता थांबायचाही नाही. याला म्हणायचे ‘एंट्री’. मी कोणाला नावे ठेवत नाही. माझ्या स्कूटरच्या कागदांत घडी घातलेली पन्नासची नोट असायची, आणि ती कशासाठी असते हे माझ्या बायकोलाही ठाऊक होते.

नाका कोणता ते मी मुद्दाम लिहीत नाही. तो हवालदार आता म्हातारा झाला असेल, त्यालाही मुलेबाळे असतील.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर हवालदाराने भाव वाढवला. म्हणाला, आता रोज पन्नास. गोटीरामने वीसच पुढे केले. हवालदाराने त्याचे लायसन मागून घेतले, वरच्या खिशात ठेवले आणि सांगितले, “दोनशे घेऊन ये, मग बघू.” दोन दिवस टेम्पो आळीत उभा राहिला. दोन दिवस मेथी मळ्यातच पिवळी पडली. गोटीरामचे सगळे घर त्या टेम्पोवर चालत होते. तो ओट्यावर डोके धरून बसला.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. सातपूरला शनिवारी सुट्टी, म्हणून मी आत्याकडे आलो होतो. मी म्हणालो, “आत्या, मी देतो दोनशे. विषय संपेल.”

“संपंल कसा?” आत्या म्हणाली. “परवा परत उभा ऱ्हाईलच की तो. तू रोज येनार का सुट्टी काढून?”

कुसाबाई ही तिची शेजारीण आणि जन्मभराची भांडखोर मैत्रीण. ती म्हणाली, “मग काय करती? त्याला राखी बांधती का?”

“पावती मागते.”

“पावती तीनशेची असती, बाई! दोनशेत सुटतंय तर तीनशे घालायचे? लय शानी!”

“आपुन चुकलो ना? टेम्पोत बसलो ना? मग चुकीचे पैशे भरू. पर एकदाच भरू, आन कागद घेऊ.”

आत्याने रिकामी पाटी डोक्यावर घेतली, गोटीरामला पुढे घातले आणि मला म्हणाली, “शेखर, तूबी चल. कागद वाचाया कुनी पायजे.”

नाक्यावर पोचलो तेव्हा दहा वाजले होते. हवालदार मोटारसायकलला टेकून उभा होता. आत्याने कमरेची पिशवी सोडून तीनशे रुपये पुढे धरले आणि म्हणाली, “दादा, पावती फाडा आन पोराचं लायसन द्या.”

हवालदार हसला. “मावशी, घरी जा. दोनशे ह्याच्याकडं द्या, मी लायसन देतो. पावती-बिवती कशाला? पोराच्या नावावर गुन्हा लागंल.”

“लागू द्या. केलाय त्यानं.”

“पावती पुस्तक नाही आज.”

“मग येऊ द्या. मी बसते.”

तिने मोटारसायकलपासून दोन हातांवर पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसली. मी जरा लांब, पानटपरीच्या आडोशाला उभा राहिलो. ओळखीचे कोणी बघेल अशी मला धास्ती होती. आता ते लिहायला लाज वाटते, पण खरे ते खरे.

मग जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. वाळूचा ट्रक आला. ड्रायव्हरचा हात सवयीने खिडकीबाहेर निघाला आणि आत्याने त्या हाताकडे नुसते पाहिले. हात आत गेला. मग एक रिक्षा आली, त्यात सहाजण कोंबलेले. रिक्षावाला उतरला, हवालदाराजवळ आला, आत्याकडे पाहून ओशाळला आणि म्हणाला, “आईला बसवलंय का साहेब, ड्युटीवर?” आजूबाजूचे हसले. हवालदार दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. आत्याने पाटी उचलली आणि त्या बाजूला नेऊन ठेवली.

“मावशी, ऊन लागतंय, सावलीत बसा,” हवालदार म्हणाला.

“मळ्यात काय मांडव घातलाय का? हितं बरंय.”

असे तीन तास. गाड्या येत होत्या, थांबत होत्या आणि जात होत्या, पण त्या हातात काही पडले नाही. एकाची तर हवालदाराने खरोखरच पावती फाडली, कारण दुसरे करता येईना. पुस्तक डिकीतच होते. एक वाजता तो आत्यासमोर आला, खिशातून लायसन काढले आणि गोटीरामच्या नावाची पावती फाडली. मी टपरीमागून पुढे झालो आणि मोठ्याने वाचली: मालवाहू वाहनात प्रवासी, दंड रुपये तीनशे.

“आता ऐक,” हवालदार गोटीरामला म्हणाला, पण बघत होता आत्याकडे. “ही पहिली. आता तू कागदावर आलास. पुन्हा एक जरी बाई टेम्पोत दिसली, तर लायसन सहा महिने जमा. मग कोणी कितीही बसा.”

परतताना आळीत शिरलो तेव्हा गोटीराम म्हणाला, “काकू, आता कसं करायचं?” आत्याने लायसन तर सोडवले होते, पण त्याच्यावर टांगती तलवारही आणून ठेवली होती.

त्या संध्याकाळी नऊही बायका आत्याच्या ओट्यावर जमल्या. आत्या म्हणाली, पाट्या टेम्पोने जातील, आपण पहिल्या सिटी बसने निमाणीच्या बस स्टँडवर उतरू आणि चालत गंगेवर जाऊ. एकच गलका झाला. बोहनीच्या आधी पाट्या गोटीराम उचलणार, गोटीराम उतरवणार!

“परक्याचा हात लागनार पाटीला!” कुसाबाई म्हणाली.

“परका? ह्याच्या बारशाच्या घुगऱ्या म्या शिजवल्यात, आन तू दोनदा मागून खाल्ल्या. तवा न्हवता परका?”

कुसाबाईसुद्धा हसली. नेम मोडला नाही. त्यात गोटीरामला घेतले, इतकेच.

माझ्या हातून त्या दिवशी एकच काम झाले. मी गोटीरामचे सगळे कागद क्रमाने लावून फाइल केली. विम्याची मुदत संपायला चार दिवस होते आणि मागचा डावा दिवा बंद होता. दोन्ही कामे त्याने सोमवारपर्यंत उरकली.

मंगळवारी टेम्पो एकटा निघाला. नाक्यावर हवालदाराने हात केला, मागे गेला आणि गोणपाट वर करून पाहिले. हे गोटीराम पुढे वर्षभर साभिनय सांगायचा.

“बाया कुठंयत?”

“सिटी बसनं गेल्या, साहेब. तिकीट काढून.”

“कागद?”

गोटीरामने फाइल दिली. हवालदाराने ती पुढून मागे पाहिली, मग मागून पुढे पाहिली. दिवे लावायला सांगितले, हॉर्न वाजवायला सांगितला. सगळे लागले, सगळे वाजले.

“जा,” तो म्हणाला.

पण गंगेवर वेगळाच घोळ झाला. बायका निमाणीवरून लगबगीने आल्या तर कुसाबाईचा शेपू लंकाबाईच्या जागेवर, लंकाबाईचा झेंडू आत्याच्या जागेवर. गंगेवरच्या जागा सासवांपासून चालत आलेल्या, हातभरही इकडच्या तिकडे होत नाहीत.

“मेल्या, डोळं फुटले का? चिंध्या दिसत न्हाईत?” कुसाबाई ओरडली.

“दिसल्या की,” गोटीराम म्हणाला. “टेम्पोत तुम्ही जशा बसायच्या, तशाच मांडल्या.”

बिचाऱ्याने इतकी वर्षे त्यांना आरशातच पाहिले होते, बाजारात कोण कुठे बसते ते त्याला ठाऊकच नव्हते. त्या सकाळी पाट्या हलवता हलवता बायका इतक्या हसल्या की गिऱ्हाईक बघत उभे राहिले. आत्याची बोहनी त्यातच झाली.

हवालदाराने आठ दिवस रोज टेम्पो थांबवला. नवव्या दिवशी त्याने लांबूनच, न थांबवता, जा म्हणून हात हलवला. त्या दुपारी गोटीरामने नऊ घरी पेढे वाटले. माझ्यासाठी दोन ठेवले होते.

पुढे दोनएक वर्षांनी, मी आत्याजवळ बसलो असताना, तोच हवालदार साध्या कपड्यांत पिशवी घेऊन बाजारात आला. त्याने मेथीची जुडी उचलली आणि आत्याला ओळखून चपापला.

“केवढ्याला?”

“तीन रुपये, दादा.”

त्याने तीन रुपये मोजून दिले. आत्याने त्याच्या पिशवीत वरून कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या.

“हे कशाला?”

“समद्या गिऱ्हाइकांना देते.”

तो नंतरही यायचा, आणि पैसे पुढे करूनच भाजी उचलायचा.

माझ्या स्कूटरच्या कागदांतली पन्नासची नोट मी १९९७ सालीच काढली. त्यानंतर दोनदा दंड भरला, दोन्ही पावत्या जपून ठेवल्या आहेत. एकदा तर सिग्नल तोडला नव्हता तेव्हा तसे ठामपणे सांगून सुटलो. आमच्या विभागात मी हे सांगतो तेव्हा तरुण मुले म्हणतात, “सर, तुमची आत्या भारी होती.” मी लगेच दुरुस्त करतो. होती नाही, आहे.

२००६ साली गोटीरामच्या लायसनचे नूतनीकरण होते. अर्ज भरायला तो इंदिरानगरला माझ्या घरी आला, पण त्याआधी आत्याला लायसन दाखवून आला होता. लायसन जमा केल्याची नोंद करायचे पान कोरे होते, त्या सहा महिन्यांची वेळ कधी आलीच नव्हती. मी विचारले, “काय म्हणाली मग?”

“लायसन उलटंपालटं करून पाह्यलं,” गोटीराम म्हणाला. “मग फोटोवर बोट ठेवून म्हणती, असला तोंड पाडलेला फोटो काढलास व्हय? ह्याच्यापायी मी तीन तास उन्हात बसले? आता नवा काढशील तो हसून काढ.”

नव्या लायसनवरचा फोटो मी पाहिला आहे. तो हसतो आहे.